अजून एक हात

टॅमियाच्या किटचा खोका पांढराशुभ्र असतो. झाकणावर गाडीचं चित्र, आणि चित्रामागे काहीच नाही. रस्ता नाही, डोंगर नाही, बॉनेटला टेकून उभी राहिलेली बाई तर नाहीच. मला हे अजूनही आवडतं. खोका उघडला की मात्र आत गाडी सापडत नाही. बॉडीचं एक पोकळ कवच असतं, आणि बाकी सगळ्या प्लॅस्टिकच्या चौकटी. सीट, आरसे, बंपर, स्टिअरिंग, चाकं, सगळं त्या चौकटींना बारीक देठांनी लटकलेलं. एका पिशवीत काचा, एकीत टायर, एका कागदावर पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर आणि पट्ट्या, आणि घडी घातलेलं सूचनापत्रक. गाडी आपण करायची.

माझ्या दादाला हे कुणी सांगितलं नव्हतं. धाकटा मामा बोटीवर नोकरीला होता. ऐंशीच्या दशकात एका सुट्टीत तो जपानहून हा खोका घेऊन आला, अर्थातच भाच्यासाठी. भाचीसाठी केसांच्या पिना होत्या. दादाने खोका उघडला, एक चौकट वर धरून बघितली आणि जाहीर केलं, "ही तुटलेली आहे." दोन दिवसांनी खोका माळ्यावर गेला आणि तिसऱ्या दिवशी मी तो उतरवला. दादाच्या या अधीरपणाचे माझ्यावर केवढे उपकार आहेत, हे मी त्याला दर भाऊबीजेला सांगते. त्याला ते अजून पटत नाही.

आतली गाडी होती मॉरिस मिनी कूपर, खरीच्या चोविसाव्या हिश्शाची. अलेक इसिगोनिसने आखलेली मिनी १९५९ साली आली, जेमतेम दहा फूट लांबीची. एवढ्याशा गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची रॅली जिंकली. लाल बॉडी आणि पांढरं छप्पर ही त्या रॅलीतल्या गाड्यांची ओळख. दहा फुटांना चोविसाने भागलं की पाच इंच येतात. माझ्या तेव्हाच्या तळहातावर ती बसायची आणि थोडी बाहेर यायची. अर्थात यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त चित्रातलं लाल-पांढरं दिसत होतं.

जोडणी जमली. फेव्हिकॉलने हे प्लॅस्टिक चिकटत नाही, क्विकफिक्सने चिकटतं, एवढं एका दुपारी कळलं. क्विकफिक्स प्लॅस्टिकला धरून ठेवत नाही, ते दोन्ही कडा विरघळवतं आणि वाळल्यावर त्या एक होऊन बसतात, म्हणजे ते वेल्डिंगच झालं. हे कळायला मात्र पुढची काही वर्षं गेली. सूचनापत्रकावरची अक्षरं मी वाचलीच नाहीत, चित्रंच वाचली. कोणता भाग आधी, कोणता नंतर, कुठला तुकडा कुठल्या खाचेत कोणत्या बाजूने शिरतो, हे त्या चित्रांत इतकं स्वच्छ होतं, की चुकायला जागाच नव्हती. ज्या माणसाने ती रेखाटली त्याचं नाव मला माहीत नाही, आणि कळण्याची शक्यताही नाही. पुढे माझ्या नोकरीत मी स्वतः असंख्य जोडणीचे नकाशे काढले, तेव्हा दर वेळी या अनोळखी माणसाची आठवण यायची आणि माझा नकाशा मला गचाळ वाटायचा.

त्याच्या मालकाबद्दल मात्र पुष्कळ वाचायला मिळालं. शिझुओका गावातला टॅमियांचा धंदा मूळचा लाकडाचा. वखारीला १९५१ साली आग लागली, सगळं गेलं, आणि मग ते लाकडी मॉडेलांकडे आणि १९६० पासून प्लॅस्टिककडे वळले. पहिलं प्लॅस्टिकचं मॉडेल यामातो युद्धनौकेचं, आणि ते साफ आपटलं. मुलगा शुनसाकू याने पुढे कंपनी नावारूपाला आणली. १९७६ साली त्यांनी पोर्शे ९३४ चं मोठं, १:१२ प्रमाणाचं किट काढलं. त्यासाठी मोजमापं हवीत म्हणून या गृहस्थाने खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती पूर्ण सुटी करून टाकली. खेळण्यासाठी! मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूसाठी एवढं करणारा माणूस २०२५ च्या जुलैमध्ये नव्वदाव्या वर्षी गेला, तेव्हा मी घरात दोन दिवस गप्प होते आणि नवरा म्हणाला, "तुझ्या नात्यातलं कुणी गेलंय का?" मी हो म्हटलं.

पण हे सगळे लांबचे देणेकरी. जवळचं देणं वेगळं आहे, आणि ते कुर्ल्याचं आहे.

गाडी जोडून झाली, आता रंग. किटमध्ये रंग नसतो. बॉडी पांढऱ्या प्लॅस्टिकची, आणि प्लॅस्टिक हे नुसतं ठेवलं की प्लॅस्टिकच दिसतं, गाडी दिसत नाही. मी हार्डवेअरच्या दुकानातून लाल ऑइलपेंटचा सगळ्यांत लहान डबा आणि एक ब्रश आणला. तो डबा, ब्रश आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली मिनी घेऊन मी शाळेतून सीएसटी रोडने घरी येत होते. (हा सीएसटी म्हणजे बोरीबंदरचं स्टेशन नव्हे. सेंट्रल साल्सेट ट्रामवे नावाचा एक मार्ग कधीकाळी होता, त्याच्या नावाचा हा रस्ता.) कुर्ल्याहून कालिन्याकडे जाणारा हा रस्ता म्हणजे गॅरेजं, सुटे भाग, भंगार आणि काचांचं एक अख्खं गावच. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चाचा टॅक्स्या रंगवायचे.

सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. वडील 'मिस्त्री' म्हणायचे, आम्ही मुलं 'चाचा'. मूळचे म्हसळ्याकडचे, कोकणातले, त्यामुळे मराठी आमच्याइतकंच चांगलं, फक्त मधूनच एखादा 'क्या बात' यायचा. टॅक्सीचं वर्षाचं पासिंग जवळ आलं की मालक गाडी घेऊन त्यांच्याकडे यायचा. पत्रा ठोकणारा डेंटर वेगळा, चाचा फक्त रंगाचे. लांबी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, परत घासायचं, मग पिवळा, मग काळा. दिवसभर हेच. त्यांच्या शेडमधून काळ्या-पिवळ्या फियाट बाहेर पडायच्या आणि आम्ही त्या काळात त्यांना पद्मिनी म्हणायला शिकत होतो.

माझ्या हातातली पुडी बघून त्यांनी हाक मारली.

"काय आहे गं ते?"

"गाडी."

त्यांनी ओल्या हाताने नाही, आधी हात पुसून मिनी घेतली. उलटीसुलटी केली. छपरावरून बोट फिरवलं.

"कलर कोण मारणार?"

"मीच."

"कशानं?"

मी ब्रश दाखवला.

"ब्रशनं दरवाजे रंगवतात, पोरी. घराचे."

मग त्यांनी गाडी उजेडाकडे धरली आणि पुढच्या मडगार्डवरची एक बारीक रेघ दाखवून विचारलं, "ही रेघ गाडीची की साच्याची?"

हा प्रश्न ऐकून मी तेव्हा नुसती बघत राहिले. आज सांगते, स्केल मॉडेलिंगची निम्मी विद्या या प्रश्नात आहे. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्लॅस्टिकवर केसाएवढी उभार रेघ येते, ती घासून काढायची. पण मिनीच्या बाबतीत घोटाळा असा, की इसिगोनिसने पैसे वाचवण्यासाठी या गाडीच्या पत्र्याचे काही वेल्ड केलेले सांधे मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवले होते. म्हणजे गाडीच्याही अंगावर रेघा, साच्याच्याही अंगावर रेघा. चुकीची घासली तर मिनीची मिनी राहत नाही. चाचांनी प्लॅस्टिकचं मॉडेल आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं होतं. मिनी त्यांनी एकदाच, कुणा शेटची, रंगवली होती. तरी त्यांनी पाच मिनिटांत कोणती रेघ कोणाची ते ठरवून दिलं आणि नखाने खुणा करून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. आणि त्यानंतर जातच राहिले.

घरी हे आवडलं नाही, हे वेगळं सांगायला नको. चौदा वर्षांची मुलगी, गॅरेज, भोवती सगळे पुरुष, ट्रान्झिस्टरवर गाणी. आई काही बोलली नाही, पण शाळेतून यायला उशीर का होतो असं दोनदा विचारलं. चाचांना हे कुणीही जाऊन सांगितलं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गेले तर माझ्यासाठीचं स्टूल शेडच्या आतून उचलून बाहेर, फूटपाथला लागून, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं ठेवलेलं. "आत थिनरचा वास फार," एवढंच म्हणाले. आजी भाजी आणायला त्याच रस्त्याने जायची. तिने मला तिथे बसून वॉटर पेपरने काहीतरी घासताना पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि घरी जाऊन आईला काय सांगितलं कोण जाणे. पुढच्या आठवड्यात आईने तिच्या जुन्या सुती साडीचे तुकडे करून माझ्याबरोबर पाठवले. कंपाउंड मारायला जुन्या सुती साडीसारखं कापड नाही. चाचा ते तुकडे फक्त शेवटच्या पॉलिशला वापरायचे, इतर कामाला हात लावू द्यायचे नाहीत.

त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे शिकवणं नव्हतंच. मला आधी टॅक्सीचा दरवाजा घासायला दिला. खऱ्या टॅक्सीचा. पेपर पाण्यात भिजवायचा, लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, गोल फिरवायचा नाही, सरळ ओढायचा. मग पाणी पुसायचं आणि डोळे न लावता तळहात फिरवायचा. "डोळ्याला प्रायमर फसवतो, हाताला फसवता येत नाही." प्रायमर असतो मॅट, त्यावर खड्डा दिसत नाही. चकचकीत काळा वर आला की मग तोच खड्डा अख्ख्या रस्त्याला दिसतो. काळा रंग मोठा चुगलखोर, असं त्यांचं म्हणणं. लाल थोडंफार झाकून घेतो. दरवाजावर माझा हात बसला तेव्हा कुठे त्यांनी मला मिनी घासू दिली, आणि तिथे ठोकळा नाही, पेपर बोटाच्या टोकाला.

आता रंग. त्यांच्याकडे होता तो ड्यूको. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर हा रंग १९२३ च्या अखेरीस पहिल्यांदा चढला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, ड्यूकोने ते काम तासांवर आणलं. हा रंग बनवणाऱ्या कंपनीचं नाव मागे पडलं, पण आपल्याकडच्या गॅरेजांत 'ड्यूको मारणे' अजून चालू आहे. अडचण अशी, की ड्यूकोचा थिनर प्लॅस्टिक खातो. चाचांना हे माहीत नव्हतं, पण संशय होता. त्यांनी माझ्याकडून रिकाम्या चौकटीचा एक तुकडा मागून घेतला आणि स्प्रे गनने त्यावर रंगाचा एक भरपूर हात मारला. वाळल्यावर तुकडा उन्हात धरला. पृष्ठभागावर बारीक तड्यांचं जाळं आलेलं.

तुकडा त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. दोन दिवस त्याबद्दल काही बोलले नाहीत. मी समजले, संपलं. तिसऱ्या दिवशी खिशातून चार तुकडे निघाले, प्रत्येकावर वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या पातळपणाचा रंग मारलेला. चौथ्यावर तडा नव्हता. युक्ती अशी होती, की गन लांब धरायची, हवा जास्त, रंग कमी, आणि रंगाची नुसती धूळ बसू द्यायची. थेंब पृष्ठभागावर पोचेपर्यंत त्यातला बराचसा थिनर हवेतच उडून जातो. अशा डस्ट कोटचे तीन-चार पातळ थर वाळवून झाले की खाली प्लॅस्टिक झाकलं जातं आणि मग वर थोडा ओला हात मारता येतो. आज मॉडेलिंगच्या कुठल्याही पुस्तकात हीच रीत सापडते. चाचांनी ती खिशातल्या चार तुकड्यांवर, टॅक्स्यांच्या मधल्या वेळात, एका शाळकरी पोरीच्या खेळण्यासाठी शोधून काढली. मी किती मोठं काम बघते आहे, हे मला कळत नव्हतं. त्यांनाही ते मोठं वाटत नव्हतं.

थर पातळ का हवा, याला थिनरपलीकडे दुसरंही कारण आहे, आणि ते मी पुढे कागदावर हिशेब मांडून पाहिलं. खऱ्या गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन जाडीचा असतो. त्याचा चोविसावा हिस्सा म्हणजे जेमतेम पाच मायक्रॉन. एवढा पातळ रंग कुणाच्या बापाला मारता येत नाही. चांगल्यातल्या चांगल्या मॉडेलवरही रंग चाळीसेक मायक्रॉन होतोच, म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ एक मिलिमीटर जाड रंग थापल्यासारखा. दरवाज्याच्या फटी बुजतात, कडा गोल होतात, आणि गाडी साबणाची दिसायला लागते. म्हणून प्रत्येक हातानंतर घासून रंग उतरवायचा, मग पुढचा चढवायचा. चढवलेल्यातला निम्मा काढून टाकायचा हा उद्योग बाहेरच्या माणसाला वेडेपणा वाटतो. चाचांना त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण तेही आयुष्यभर तेच करत आले होते.

पांढऱ्या छपराची आणि लाल बॉडीची मधली रेघ हा त्यांचा खास प्रांत. रोज पिवळं छप्पर आणि काळं अंग करणारा माणूस तो. फिकं आधी, गडद नंतर. छप्पर पांढरं करून वाळवलं, मग कडेने मास्किंग टेप लावला आणि टेपची कड नखाने दाबत नेली. मला वाटलं, आता लाल. पण त्यांनी परत पांढराच घेतला आणि टेपच्या कडेवरून एक हलका हात मारला. कुठे टेप उचलला गेला असेल तर त्या फटीत आधी पांढराच शिरून बसेल, मग लाल आत घुसायला जागा उरणार नाही. आणि टेप काढताना रंग पूर्ण वाळू द्यायचा नाही. अर्धवट वाळल्यावर टेप स्वतःवरच दुमडत, गाडीला जवळजवळ चिकटून, सावकाश ओढायचा. वर उचलून ओढला की रंगाची कड फाटते. ती रेघ उघडी पडली तेव्हा बाजूच्या गॅरेजमधले दोघं-तिघं बघायला आले. एकजण म्हणाला, "उस्ताद, हिला पासिंगला पाठवा."

जून लागला तसा त्यांनी रंगकाम थांबवलं. फक्त माझं, टॅक्स्यांचं थांबवून चालणार नव्हतं. दमट हवेत ड्यूको पांढरट पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी रंगात बसतं. टॅक्सीला ते रिटार्डर घालून कसंबसं निभावून न्यायचे. "पोटासाठी करतो ते पावसात पण करावं लागतं. हे पोटासाठी नाही ना? मग थांब." मिनीचा शेवटचा हात दसऱ्यानंतर बसला.

मी एकदा पैशांचा विषय काढला होता. वडिलांनीच सांगितलं होतं, रंगाचे तरी पैसे विचार. चाचांनी गनच्या कपात उरलेला चमचाभर लाल दाखवला. "हा मी रोज फेकतो. फेकायच्या मालाचे पैसे घेऊ?" आणि वर म्हणाले, तू किती दरवाजे घासलेस त्याची मजुरी मी दिली का? हिशेब फिटला. मला तेव्हा तो फिटलेला वाटला, हीच गंमत.

दहावीनंतर आर्किटेक्चरल ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि एका मोठ्या वास्तुशिल्पीच्या कचेरीत लागले. तिथे इमारतींची मॉडेलं करणारा छोटा वर्कशॉप होता. एका मॉडेलच्या भिंतीवर सांधा दिसत होता, साहेबांची मीटिंग संध्याकाळची, आणि मी न विचारता वॉटर पेपर भिजवला. त्या आठवड्यात माझी बदली ड्रॉइंग बोर्डावरून वर्कशॉपमध्ये झाली आणि मग निवृत्तीपर्यंत मी तिथून हलले नाही. मुलीचं शिक्षण, डोंबिवलीतलं घर, सासूबाईंचं ऑपरेशन, सगळं त्या हातावर झालं. ज्या दिवशी पगार व्हायचा त्या दिवशी चाचांची आठवण यायची असं मी म्हणणार नाही. नाही यायची. वर्षंच्या वर्षं नाही यायची. पण नवीन मुलगा कामाला लागला आणि प्रायमरकडे डोळे बारीक करून बघायला लागला, की माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य निघायचं, तेही त्यांच्याच सुरात.

मधल्या काळात शेड गेली, जागा दुसऱ्या कुणी घेतली आणि चाचा गावी परतले. आम्ही एकदा हरिहरेश्वरला चाललो होतो, म्हसळं वाटेवरच. विचारत विचारत घर सापडलं. मिनी मी बरोबर घेतली होती. त्यांना द्यायची म्हणूनच घेतली होती. चष्मा जाड झाला होता, पण त्यांनी चष्मा लावलाच नाही. छपरावरून, बॉनेटवरून, मडगार्डवरून बोट फिरवलं आणि मागच्या खांबापाशी थांबले.

"इथं अजून एक हात पाहिजे होता."

इतक्या वर्षांत ते मला कधी दिसलं नव्हतं. मी बोट फिरवून पाहिलं. खरंच पाहिजे होता.

गाडी ठेवून घ्यायला ते तयार होईनात. म्हणाले, ही विलायती, माझ्याकडे कशाला? मी जन्मभर जी रंगवली ती कर, मग ठेवून घेतो. मी बरं म्हटलं. निवृत्त झाले की करू, असं मनात म्हटलं आणि गाडीत बसले. चाचा त्यानंतर काही वर्षांनी गेले. मला ते उशिरा कळलं.

तर सध्या मी पद्मिनी करते आहे. या गाडीचं किट मला कधी मिळालं नाही. फियाटची ही ११०० 'डिलाइट' १९६४ मध्ये आपल्याकडे आली, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघायची, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं आणि नवं शतक उजाडताच ती बंद पडली. म्हणजे जिथे ती जन्मायची त्याच कुर्ल्यात चाचा तिला परत परत नवी करायचे. २००३ साली ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. रंगकामाचा मोठा भाग अजून लांब आहे. आधी बॉडी हवी. मुलुंडला एका ओळखीच्यांच्या इमारतीखाली ताडपत्री घातलेली एक पद्मिनी आहे, तिची मापं घेतली. लांबी ३९३० मिलिमीटर, रुंदी १४६०, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३४०. चोविसाने भागून १६४, ६१ आणि साडेसत्त्याण्णव. पीयू बोर्डातून साचा कोरला आहे. त्यावर तापवलेलं प्लॅस्टिकचं शीट खालून हवा ओढून घेऊन बसवायचं, की कवच तयार होतं. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर झाला. छपरावरचं कॅरिअर पितळी तारेतून झालं. सीटवरचं रेक्झिन चालू आहे.

अडलं आहे ते मीटरवर. बाहेर, बॉनेटच्या डाव्या अंगाला असायचा तो लोखंडी मीटर, हाताने पाडायचा. मुलुंडची गाडी खाजगी, तिला मीटर नव्हताच. फोटो मिळतात ते सगळे समोरून किंवा लांबून काढलेले. मीटरची पट्टी बॉडीला नेमकी कुठे आणि कशी बसवलेली असे, ते एकाही फोटोत नीट दिसत नाही. वाचकांपैकी कुणी टॅक्सी चालवली असेल, कुणाच्या घरी टॅक्सीशेजारी उभं राहून काढलेला जुना फोटो असेल, किंवा कुणाकडे तो मीटरच उरला असेल, तर डाव्या बाजूने जवळून काढलेलं एक चित्र आणि पट्टीची मापं संपादकांच्या पत्त्यावर पाठवावीत. घाई नाही. पाऊस संपेपर्यंत मी रंगाला हात लावणार नाही.